काढलं तरी परत येणारं स्पायवेअर: त्याला उठवतं कोण?

अँटिव्हायरसने स्कॅन केलं, 'धोका हटवला' अशी हिरवी खूण दाखवली. कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला, तर ब्राउझर पुन्हा त्याच भलत्या सर्च पानावर. पुन्हा स्कॅन, पुन्हा हिरवी खूण, पुन्हा तेच. असं दोन-तीनदा झालं की माणूस कॉम्प्युटर उचलून गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे नेतो आणि तिथे ठरलेलं उत्तर मिळतं: "फॉरमॅट मारावा लागेल."

कधीकधी तो खरंच मारावा लागतो. पण बऱ्याचदा लागत नाही, आणि लागतो तेव्हा ज्या पद्धतीने मारला जातो त्यातच दुखणं परत येण्याची सोय असते. दुकानातल्या जुन्या पेन ड्राइव्हवरून क्रॅक केलेलं विंडोज चढतं, त्यावर विंडोज विकत घेतल्याचं भासवणारा फुकटचा 'अ‍ॅक्टिव्हेटर' चालतो, वर फोटो आणि डीटीपीची क्रॅक सॉफ्टवेअर. केएमएसपिको या प्रसिद्ध अ‍ॅक्टिव्हेटरच्या नावावर क्रिप्टबॉट हे माहितीचोर सॉफ्टवेअर वाटलं जातंय, हे २०२१ साली सुरक्षा संशोधकांनी उघड केलं होतं. म्हणजे फॉरमॅटचे पैसे द्यायचे आणि नवा पाहुणा घेऊन घरी यायचं.

चिवट स्पायवेअरचं, म्हणजे गुपचूप शिरून आपल्यावर पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, गणित हरळीसारखं आहे. अँटिव्हायरसला सापडते ती फाइल म्हणजे वरचं पातं. मुळी विंडोजच्या कुठल्यातरी कोपऱ्यात एखाद्या नोंदीच्या रूपात शाबूत असते. कॉम्प्युटर सुरू झाला की ती नोंद जागी होते, इंटरनेटवरून फाइल परत उतरवते आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर. म्हणून सारखी फाइल उडवत बसण्यापेक्षा तिला दर वेळी उठवतंय कोण, याचा छडा लावायचा. खालचं सगळं त्या एका प्रश्नाभोवती आहे.

त्याआधी एक खात्री करून घ्या, कारण 'स्पायवेअर शिरलंय' म्हणून येणाऱ्या तक्रारींत एक मोठा वाटा वेगळ्याच गोष्टीचा असतो. स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात चौकोन सरकत वर येतो. त्यात एखाद्या नावाजलेल्या अँटिव्हायरसचं चिन्ह, लाल अक्षरं, '५ व्हायरस सापडले, आत्ताच स्वच्छ करा'. हा चौकोन नीट निरखून पाहा. त्यात बारीक अक्षरांत ब्राउझरचं नाव आणि एखाद्या अनोळखी वेबसाइटचा पत्ता दिसतो का? दिसला तर हे स्पायवेअर नाही. कधीतरी क्रिकेटचा सामना फुकट बघताना किंवा पीडीएफ शोधताना कुठल्यातरी साइटने 'मी रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा' म्हटलं आणि आपण दाबलं. आता ती साइट नोटिफिकेशन पाठवतेय, एवढंच. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'साइट सेटिंग्ज', त्यात 'नोटिफिकेशन्स', तिथून ती साइट काढली की त्रास जागच्या जागी थांबतो. हजार-दोन हजारांचं 'क्लीनर' सॉफ्टवेअर घ्यायची गरज नसते. खरं तर त्या चौकोनावर टिचकी मारून उतरवलेलं क्लीनर हाच पुष्कळदा खऱ्या आजाराचा आरंभ असतो.

नोटिफिकेशन नसेल आणि खरंच काहीतरी घुसलं असेल, तर पहिली गोष्ट कॉम्प्युटरवर करायचीच नाही, ती कॉम्प्युटरपासून लांब राहून करायची. त्या मशिनवर बँक, यूपीआय, ईमेल, शेअरचं खातं यांपैकी काहीही उघडू नका. वाय-फाय बंद करा किंवा केबल काढा. फोटो, कागदपत्रं, मुलांचे प्रोजेक्ट बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, पण सॉफ्टवेअरच्या सेटअप फाइली त्यात घेऊ नका. त्या मूळ ठिकाणाहून पुन्हा मिळतात. लागणारी साधनं दुसऱ्या, धड असलेल्या कॉम्प्युटरवर उतरवून पेन ड्राइव्हने आणलेली बरी, कारण काही स्पायवेअर अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइट उघडूच देत नाही.

आणखी एक काम आधी उरकून घ्या. अलीकडच्या कित्येक लॅपटॉपची डिस्क मुळातच कुलूपबंद, म्हणजे बिटलॉकरने एन्क्रिप्ट केलेली असते. पुढे सेफ मोडमध्ये (विंडोज गरजेपुरतंच सुरू होतं त्या अवस्थेत) जाताना मशिन अचानक ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. फोनवरून खातं उघडून ती वहीत उतरवून ठेवा. नाहीतर स्पायवेअर राहील बाजूला आणि स्वतःच्याच कॉम्प्युटरच्या दाराशी ताटकळत बसावं लागेल.

आता मूळ प्रश्नाकडे. विंडोज सुरू होताना काय काय आपोआप चालवायचं याच्या नोंदी डझनावारी ठिकाणी असतात. साधा 'स्टार्टअप' फोल्डर, रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतली) 'रन' नावाची जागा, सर्व्हिसेस, ड्रायव्हर, ठरल्या वेळी कामं चालवणारा टास्क शेड्युलर, ब्राउझरला जोडलेली एक्स्टेंशन्स, शिवाय डब्ल्यूएमआयसारखी आडबाजूची ठिकाणं, जिथे सामान्य माणूस उभ्या आयुष्यात जात नाही. टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादी यातला अगदी थोडा भाग दाखवते. तिथे काही दिसलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका.

ही लपाछपी जुनी आहे. २००३ च्या आसपास कूलवेबसर्च नावाच्या ब्राउझर पळवणाऱ्या टोळधाडीने जगभरचे लोक हैराण झाले होते. मेरिन बेलेकोम या डच विद्यार्थ्याने तेव्हा हायजॅकधिस नावाचं छोटंसं साधन लिहिलं. ते काहीच 'ओळखायचं' नाही; संशयास्पद ठिकाणच्या सगळ्या नोंदींची यादी फक्त समोर ठेवायचं आणि निर्णय माणसाने घ्यायचा. कूलवेबसर्चच्या पुढच्या पिढीतलं लुक-टू-मी हे स्पायवेअर तर विंडोजच्या लॉगइनच्या यंत्रणेलाच चिकटायचं. ती यंत्रणा सेफ मोडमध्येही चालते, त्यामुळे तिथेही ते जागं असायचं. विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने ती जोडणीच काढून टाकली, म्हणून ती एक युक्ती मेली. बाकीच्या आहेतच.

नुसती फाइल उडवल्यावर काय होतं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २००५ सालचं आहे, आणि त्यात चोर कुणी भुरटा नव्हता, सोनी बीएमजी ही संगीत कंपनी होती. गाण्यांच्या सीडी कॉपी होऊ नयेत म्हणून तिने काही सीडींमध्ये असं सॉफ्टवेअर घातलं होतं, जे 'डॉलर-सिस-डॉलर'ने सुरू होणारी प्रत्येक फाइल विंडोजपासून दडवायचं. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाला ते स्वतःच्याच मशिनवर सापडलं. त्याने ते हाताने उपटून काढलं, तर सीडी ड्राइव्हच गायब! कारण त्या सॉफ्टवेअरने ड्राइव्हच्या वाटेत आपली कडी अडकवून ठेवली होती; फाइल गेली, पण कडीची नोंद राहिली आणि साखळी तुटली. रुसिनोविचला ती नोंद शोधून काढता आली. आपल्यासारख्याने असं काही केलं असतं तर कॉम्प्युटर दुकानात गेला असता.

याच रुसिनोविचची सिसइंटर्नल्स ही साधनांची पेटी २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि ती आजही फुकट मिळते. त्यातलं 'ऑटोरन्स' हे आपल्या कामाचं. आपोआप चालणाऱ्या जवळजवळ सगळ्या नोंदी ते एकाच यादीत मांडतं. यादी पाहून पहिल्यांदा छातीत धस्स होतं, कारण शेकड्याने ओळी असतात. ऑप्शन्समध्ये जाऊन मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, म्हणजे उरतील त्या आवाक्यातल्या. गुलाबी ओळ म्हणजे बनवणाऱ्याची सही नाही किंवा जुळत नाही. पिवळी म्हणजे नोंद आहे पण फाइल जागेवर नाही. रंग हा पुरावा नव्हे, इशारा समजा. एखाद्या जुन्या प्रिंटरचं निरुपद्रवी सॉफ्टवेअरही गुलाबी दिसू शकतं.

संशयास्पद ओळ कशी असते ते जवळून पाहू. नाव साळसूद असतं, 'अपडेट सर्व्हिस' किंवा तसलंच काहीतरी. प्रकाशकाचा रकाना रिकामा. फाइलचा पत्ता मात्र 'प्रोग्रॅम फाइल्स'मधला नाही, तर तुमच्या नावाच्या फोल्डरातल्या 'अ‍ॅपडेटा'त, त्यात 'रोमिंग', आणि त्यात अर्थहीन अक्षरांचा एखादा फोल्डर. अ‍ॅपडेटाच का? कारण तिथे लिहायला अ‍ॅडमिनची परवानगी लागत नाही. विंडोज तुम्हाला 'हो की नाही' विचारतच नाही. काही चांगली सॉफ्टवेअरही तिथे राहतात, हेही खरं. पण टास्क शेड्युलरच्या टॅबमध्ये अशी ओळ असेल आणि ती डब्ल्यूस्क्रिप्ट, एमएसएचटीए किंवा पॉवरशेल या विंडोजमधल्याच आज्ञा चालवणाऱ्या साधनांना हाताशी धरून एखादी स्क्रिप्ट चालवत असेल, तर संशयाला पुरेशी जागा आहे. पॉवरशेलच्या पुढे 'हिडन' असा शब्द आणि मग शेवट न दिसणारी आकडे-अक्षरांची खिचडी असेल, तर जवळपास खात्रीच. पॉवरशेल स्वतः मायक्रोसॉफ्टचं, त्यामुळे अँटिव्हायरस त्याला सहसा हटकत नाही. सगळी मेख इथेच आहे: चोराने स्वतःची हत्यारं आणलेलीच नाहीत, घरातलीच वापरलीत.

ओळ सापडली की लगेच डिलीट करू नका. आधी तिच्यापुढची बरोबरची खूण काढा. तेवढ्याने ती निकामी होते आणि चुकीची ओळ बंद झाली तर खूण परत लावता येते. मशिन पुन्हा सुरू करून सगळं ठीक चालतंय हे पाहिलं की मग डिलीट. ऑटोरन्सला व्हायरसटोटलवर, म्हणजे एकच फाइल अनेक अँटिव्हायरस इंजिनांकडून तपासून देणाऱ्या साइटवर, तपासणीही करायला सांगता येतं. बऱ्याच इंजिनांनी लाल झेंडा दाखवला तर शंका उरत नाही. एखाद-दुसऱ्याने दाखवला तर तो खोटा इशाराही असू शकतो.

खूण काढली आणि डोळ्यांदेखत ती परत आली तर? तर समजा की पहारेकरी आहे. दोन प्रोसेस (चालू असलेले प्रोग्रॅम) एकमेकींवर नजर ठेवून असतात; एकीला मारलं की दुसरी तिला लगेच उठवते. यावर उतारा सिसइंटर्नल्सच्याच 'प्रोसेस एक्सप्लोरर'मध्ये आहे. मारण्याआधी दोघींना 'सस्पेंड' करायचं. थिजवलेली प्रोसेस मेलेली नसते, त्यामुळे जोडीदारणीला काही बिघडल्याचं कळत नाही. दोघी थिजल्या की मग एकेकीला मारा आणि नोंदी काढा.

एवढी झटापट नको असेल तर सेफ मोड आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये जुनं एफ-८ बटण आपणहून चालत नाही. शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' म्हणा, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि ४ आकडा. या अवस्थेत विंडोज गरजेपुरतंच उठतं, बाकीचे बहुतेक झोपलेले राहतात.

पण माझं मत विचाराल तर घरगुती माणसाने सगळ्यात आधी डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचं, ऑफलाइन स्कॅन करावं. ते विंडोजमध्येच आहे, फुकट आहे, आणि का कोण जाणे, लोकांना माहीतच नसतं. आधी डिफेंडर अद्ययावत करा. तेवढ्यापुरतं नेट चालू केलं तरी चालेल. मग विंडोज सिक्युरिटी उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', त्यात 'स्कॅन ऑप्शन्स', आणि सगळ्यात खालचा ऑफलाइनचा पर्याय. कॉम्प्युटर बंद होऊन विंडोजच्या बाहेरच्या वेगळ्या वातावरणात सुरू होतो आणि साधारण १५ मिनिटं डिस्क तपासतो. स्वतःला दडवणारं स्पायवेअर दडवू शकतं ते चालू असेल तेव्हाच. इथे विंडोजच चालू नाही, मग ते तरी कुठून चालणार? निकाल नंतर 'प्रोटेक्शन हिस्टरी'त दिसतो.

ते चालवायच्या आधी त्याच पानावरच्या 'मॅनेज सेटिंग्ज'मध्ये 'एक्स्क्लूजन्स' ही यादी मात्र जरूर पाहा. आपण आत शिरलो की आपलाच फोल्डर 'इथे तपासू नका' म्हणून या यादीत घालायचा, ही आजकालच्या स्पायवेअरची आवडती खोड आहे. काही वेळा तर अख्खा सी ड्राइव्ह तिथे घातलेला सापडतो, आणि मग अँटिव्हायरस महिनोन्‌महिने 'सर्व काही सुरक्षित' म्हणत बसतो, तेही खोटं न बोलता. तुम्ही स्वतः घातलेलं नसेल ते सगळं तिथून काढा. गेम किंवा क्रॅक चढवताना 'आधी अँटिव्हायरस बंद करा' ही सूचना तुम्ही कधी पाळली असेल, तर घातलेलं तुमच्याच हाताने असण्याचीही शक्यता आहे.

डिफेंडरनंतर दुसरं मत हवं तर मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती किंवा मायक्रोसॉफ्टचं सेफ्टी स्कॅनर चालवा. सेफ्टी स्कॅनर उतरवल्यापासून १० दिवसांनी निकामी होतं, तेव्हा गेल्या वर्षीचं पेन ड्राइव्हवर पडलेलं वापरू नका. सायबर स्वच्छता केंद्र या भारत सरकारच्या २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या साइटवरही मोफत साधनं मिळतात. एकेक करून चालवायची. कायम पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकाच वेळी ठेवले तर ते एकमेकांच्या अंगावर जातात आणि मशिन गोगलगाय होतं.

ब्राउझरची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथली मुळी कॉम्प्युटरमध्ये नसतेच कधीकधी. क्रोमच्या तीन टिंबांच्या मेनूत तळाशी 'तुमची संस्था हा ब्राउझर व्यवस्थापित करते' अशी ओळ आहे का बघा. ऑफिसच्या लॅपटॉपवर ती असणारच, तिच्या वाटेला जाऊ नका. घरच्या कॉम्प्युटरवर मात्र तिचा सहसा काही संबंध नसतो. कंपन्यांना कर्मचाऱ्यांच्या ब्राउझरवर सक्तीने एक्स्टेंशन लादता यावं म्हणून रजिस्ट्रीत 'पॉलिसीज' नावाची जागा असते. स्पायवेअर तिचाच वापर करतं. मग एक्स्टेंशनपुढे 'रिमूव्ह'चं बटणच येत नाही. रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशिन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम या वाटेने जाऊन, आधी त्या भागाची 'एक्स्पोर्ट'ने प्रत काढून, ती नोंद पुसावी लागते.

आणि हे सगळं करूनही, अगदी विंडोज नव्याने चढवूनही, तेच एक्स्टेंशन परत आलं तर ते तुमच्या गूगल खात्यातून सिंक होऊन येतंय. सिंक आधी बंद करा, एक्स्टेंशन काढा, मग चालू करा. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या चिन्हावर उजवी टिचकी मारून 'प्रॉपर्टीज'मधला 'टार्गेट'ही वाचा. ओळीच्या शेवटी एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढा खोडा.

घरातल्या सगळ्याच उपकरणांवर, अगदी मोबाइलवरही, भलतीच पानं उघडत असतील तर दोष राउटरचा असू शकतो. डीएनएसचेंजर या टोळीने ४० लाखांहून अधिक कॉम्प्युटरांचे साइटचे पत्ते विचारण्याचे मार्ग (डीएनएस) आपल्या सर्व्हरकडे वळवले होते, आणि मूळ पासवर्ड न बदललेल्या राउटरांनाही सोडलं नव्हतं. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने टोळी उघडी पाडली, पण ते सर्व्हर तडकाफडकी बंद केले असते तर लाखो लोकांचं इंटरनेटच गेलं असतं, म्हणून बदली सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावे लागले. तुमचा राउटर रीसेट करा, त्याचा पासवर्ड बदला, त्यातलं डीएनएस 'आपोआप'वर ठेवा. बहुतेकांच्या राउटरचा पासवर्ड आजही केबलवाल्याने बसवताना ठेवलेला तोच असतो.

एका प्रकाराला अँटिव्हायरस सहसा हातच लावत नाही: दूरून कॉम्प्युटर चालवायची एनीडेस्क, टीमव्ह्यूअरसारखी रीतसर सॉफ्टवेअर. 'बँकेतून बोलतोय', 'कंपनीच्या सपोर्टमधून बोलतोय' म्हणणाऱ्याने ती बसवून घेतली असतील तर ती तुम्हालाच काढावी लागतील. आणि पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर घरातल्याच कुणीतरी मुद्दाम बसवलंय असा संशय असेल, तर घाईने काढू नका. काढताक्षणी त्या माणसाला कळतं, शिवाय पुरावा जातो. दुसऱ्याच फोनवरून विश्वासाच्या माणसाशी किंवा पोलिसांशी आधी बोलून घ्या.

इतकं करूनही ते परत आलं तर मात्र हट्ट सोडा. विंडोज नव्याने चढवा, पण नीट. धड असलेल्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर विंडोज तयार करा, त्यावरून मशिन सुरू करा आणि जुनी पार्टिशन्स (डिस्कचे पाडलेले भाग) पुसून मगच चढवा. 'डी ड्राइव्ह तसाच राहू दे' या मोहाला बळी पडायचं असेल तर त्यातल्या सेटअप फाइली तरी उडवा. फॉरमॅटलाही दाद न देणारं, मदरबोर्डच्या चिपमध्ये दडून बसणारं स्पायवेअरही असतं. ईसेट कंपनीने २०१८ मध्ये लोजॅक्स नावाचं असं एक उघडकीला आणलं. पण ते सरकारी कार्यालयांवर सोडलेलं होतं. आपल्या घरच्या फोटोंसाठी कुणी एवढा खर्च करत नाही.

मशिन स्वच्छ झालं तरी चोरलेलं चोरलेलंच राहतं. आजची माहितीचोर सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तर नेतातच, पण तुम्ही लॉगइन आहात हे सांगणाऱ्या कुकीजही नेतात. त्या हातात असल्या की पासवर्ड किंवा ओटीपीशिवाय तुमच्या ईमेलमध्ये शिरता येतं. म्हणून फोनवरून, आधी ईमेल आणि मग बँक, या क्रमाने पासवर्ड बदला आणि प्रत्येक ठिकाणी 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' हे बटण शोधून दाबा. पैसे गेलेच असतील तर बाकी सगळं सोडून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

अलीकडे शिरकाव होतो तो बऱ्याचदा आपल्याच बोटांनी. 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' असं पान येतं आणि विंडोजचं बटण व 'आर' दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर, असं सांगतं. त्या पानाने तोवर पॉवरशेलची एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते. खरी कुठलीही साइट हे कधीच करायला सांगत नाही.

आणि सगळं साफ झाल्यावर ऑटोरन्स पुन्हा एकदा उघडून ती यादी फाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. सहा महिन्यांनी काही विचित्र वाटलं तर 'कंपेअर' म्हणून तीच फाइल द्यायची. मधल्या काळात नव्याने आलेल्या नोंदी हिरव्या रंगात दिसतात, आणि शेकडो ओळींऐवजी त्या दहा-बाराच तपासाव्या लागतात.